वेज

आमचं आडनाव पटवेकर.
बाबा राजापूरच्या पेठेत रेशमात मोती ओवायचे,
दुपारच्या उजेडात, पायरीवर बसून,
दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करत.
मोत्याला भोक असतं असं ते कधी म्हणाले नाहीत.
वेज म्हणायचे.
आधी वेज बघ, मग मोती.

इथे हिद्दमध्ये रात्री अडीचला
हवा ओल्या पंचासारखी अंगाला चिकटते.
आत मात्र अठरा अंश.
स्टेपलरएवढं यंत्र, त्याला एक लॅपटॉप,
आणि एका पडद्यात पाचशे वेजं, प्रथिनांची,
त्यातली आज चारशे बारा जिवंत.
इथे सगळं उलटं आहे, बाबा.
वेज जागेवर असतं
आणि अख्खी माळ त्यातून सरकते.

मणी आत आला की प्रवाह जरासा दबतो.
दारातून कोणी गेलं की पडदा हलतो ना, तेवढाच.
कोण गेलं, ते हलण्यावरून ओळखायचं.

पूर्वी आम्ही माळ तोडायचो.
दीडशे-दीडशे मण्यांचे तुकडे करून
कोणामागे कोण होतं याचा संगणकाला अंदाज बांधायला लावायचो.
त्याही आधी नकला काढायच्या, हजारोंनी.
आणि झेरॉक्समध्ये मूळ पत्रावरच्या
पेन्सिलीच्या खुणा उतरत नाहीत.

नमुने कोरड्या बर्फात विमानाने जायचे.
एकदा पेटी मुहर्रकच्या धावपट्टीवर
जुलैच्या उन्हात पाच तास राहिली.
अहवाल सतरा दिवसांनी,
तोवर बॅच शीतघरात:
विकता येत नाही, ओतता येत नाही.

खलूदचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे,
नाकाला चिमटा, पायाला दगड.
ती म्हणते, शंभर शिंपले उघडावे तेव्हा एक,
आणि उघडल्याशिवाय समुद्रालाही ठाऊक नसतं.
मग कॉफी ओतते, वेलदोड्याची,
आणि स्क्रीनकडे पाठ करून बसते.
तिला आकडे वाढताना बघवत नाहीत.

आज एकतीस नंबरची बॅच.
आरएनए शेपटाकडून आत शिरतं,
म्हणून शेवट आधी कळतो.
शेपूट म्हणजे एकच अक्षर, एकशेवीस वेळा.
यंत्र इथे अडखळतं, ते लपवत नाही मी.
सारख्या मण्यांची मोजणी त्याला जमत नाही.
मग मी मणी मोजत नाही,
प्रवाह न हलता किती वेळ राहिला ते मोजते.
शांततेची लांबी.

तीन वाजून दहा मिनिटांनी आलेखात
एकाऐवजी दोन टेकड्या.
एक एकशेवीसवर, हवी तिथे.
दुसरी सत्तरवर.

चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.
सत्तरवर.

फादिलना उठवलं. सोमवारी माल निघायचा होता.
खात्री आहे?
म्हटलं, अजून वाचतंय.
सहा हजार धागे झालेत,
तुम्ही पोचेपर्यंत दहा होतील.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
तीही शांतता मी सवयीने मोजली,
तिच्यातून काही निघालं नाही.
मग ते म्हणाले, थांबव. सगळं थांबव.
आणि फोन ठेवताना, जरा हळू:
सतरा दिवस लागले असते, तर?

एकदा एका तन्मणीत
एक मोती किंचित पिवळा निघाला म्हणून
बाबांनी सगळं उसवलं होतं.
गिऱ्हाईक ओटीवर बसून जांभया देत होतं.
मला फार राग आला होता,
त्या दिवशी जत्रेला जायचं होतं.

पहाटेची अजान. खाडीवर पहिलं विमान.
काही वेजं बुजली. धुतली की त्यातली बरीच उघडतील,
उद्या दुसरी माळ.

बेसिनपाशी मोजे काढले, आरशात पाहिलं.
क्लीनरूममध्ये दागिने चालत नाहीत.
सहा वर्षं झाली.
बाराव्या दिवशी सोनाराने टोचलेली
माझ्या कानांची वेजं
बोटाला आता लागतसुद्धा नाहीत.